रिकाम्या सतरंज्यांचा वर्ग

मास्तर मला शिकवायला लागले ते स्वतः वारल्यानंतर. जिवंत होते तोवर आमचं फक्त भांडण व्हायचं, तेही आपापल्या छतावरून. त्यांचं घर आणि माझं घर यांच्या मध्ये गंगेकाठची दुर्गाघाटची गल्ली, आणि ती एवढी अरुंद की समोरून गाय आली तर माणसानं कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढावं. वरून एका छतावरचे पापड दुसऱ्या छतावर देता येतात. भांडता तर येतंच येतं.

हे लिहायचं कारण सांगतो. माझी बायको मागच्या माघात गेली. आम्हाला मुलगा नाही. मुलगी आहे, ती इंदूरला दिलेली. तेव्हा बायकोचं सगळं क्रियाकर्म मीच करायचं होतं. दहाव्या-बाराव्याला मी पंचगंगा घाटावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो, कारण माझे गुडघे कधीचेच गेलेले. खुर्चीतून पिंड ठेवायला वाकलो तर खुर्ची सरकली, पिंड हातातून निसटला आणि पायरीवर फुटला. आमच्या शेजारच्या भटजींनी तो गोळा केला, वळला आणि स्वतःच ठेवला. मी घरी आलो आणि ठरवलं, वर्षश्राद्धाला जमिनीवर बसणार आणि माझ्या हातानं ठेवणार.

पितरांचं काम असलं की डावा गुडघा जमिनीला टेकवून बसतात. माझा नेमका तोच गुडघा बाद. डॉक्टर म्हणाला, "चाचा, अब नीचे बैठना भूल जाइए." भटजी म्हणाले, "काका, तुमच्या वतीनं मी बसतो, तुम्ही खुर्चीतून दर्भ हाताला लावा. शास्त्रात सोय आहे." मी म्हटलं, "असेल. पण तिनं माझं काहीएक दुसऱ्याकडून करवलं नाही. मीही करवणार नाही."

तर त्या गुडघ्यासाठी मी मास्तरांकडे गेलो. मास्तर तेव्हा माझ्या बायकोच्या फोनमध्ये होते.

आधी हा माणूस कोण ते सांगायला हवं. शाळेत पोरांना कवायत शिकवायचे, म्हणून मास्तर. नोकरी संपल्यावर आपल्या छतावर आसनं शिकवायला लागले. आमच्या गल्लीत दर दुसरा माणूस गुरुजी आहे. कोणी पूजा सांगतो, कोणी वेद सांगतो, कोणी नुसता जेवायला जातो. कोणी यांना गुरुजी म्हटलं की मास्तर चिडायचे. म्हणायचे, "गुरुजी म्हटलं की तुम्ही पाया पडणार, आणि पाया पडताना सगळ्यांची पाठ वाकडी होते. मला बघवत नाही."

अंगानं काडी. पंचा आणि जानवं, थंडी फारच असली तर अंगावर एक शाल, ती पण वर्ग सुरू झाला की कठड्यावर. चष्मा जाड. आवाज मात्र असा की खालच्या गल्लीत माझ्या दुकानात गिऱ्हाईक दर्भ आणि तीळ मागत असायचं आणि मला ऐकू यायचं, "श्वास सोडा." गिऱ्हाईक पण सोडायचं. मी पाहिलंय.

खुर्चीवर हा माणूस कधी बसला नाही. बँकेत पेन्शनीच्या दिवशी सगळे म्हातारे खुर्च्यांसाठी धक्काबुक्की करायचे. मास्तर मधोमध फरशीवर, पाठ ताठ, डोळे मिटलेले. पहिल्यांदा बसले तेव्हा दरवान घाबरला. म्हणाला, "बाबूजी, धरना बाहर दीजिए." मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "धरना नहीं है, बैठना है. तुमको दोनों में फर्क नहीं दिखता?" मॅनेजर बाहेर आला, त्याला वाटलं काहीतरी बोभाटा होणार, त्यानं यांचं काम सगळ्यांच्या आधी करून दिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मी म्हटलं, "मास्तर, ही चांगली युक्ती आहे." तर माझ्यावर भडकले. त्यांना खरंच ती युक्ती वाटत नव्हती. त्यांना बसायचं होतं, आणि बसायला त्यांना जमीन लागायची. माणूस एवढा साधा असू शकतो यावर बँकेचा विश्वास बसला नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही.

एकदा एक गोरा आला. कुठल्याशा आश्रमात शिकून आलेला. मास्तरांच्या छतावर डोक्यावर उभा राहिला, हातावर उभा राहिला, पाय मानेत घातले. आम्ही सगळे बघायला वर. मास्तरांनी सगळं बघून घेतलं. मग म्हणाले, "ठीक है. अब खड़े हो जाओ." तो उभा राहिला. "नहीं, खड़े हो जाओ." तो अजून ताठ झाला. मास्तर त्याच्याभोवती फिरले, टाचा बघितल्या. "सारा वजन एड़ी पर है. तुम खड़े नहीं हो, पीछे गिर रहे हो, बस गिरना बाकी है." उन्हं डोक्यावर येईपर्यंत त्या पोराला नुसतं उभं राहायला शिकवत होते. आम्ही हसून हसून खाली गेलो. तो पोरगा मात्र महिनाभर रोज आला. जाताना रडला. मी त्याला विचारलं, काय शिकलास? म्हणाला, "खड़ा होना." मला तेव्हा ते दोघंही वेडे वाटले.

बायको त्यांच्याकडे शिकायला लागली ती चपलांमुळे. वर्गाला येणारे जिन्याखाली चपला काढायचे, आणि मास्तर वर्गाआधी खाली येऊन त्या चपला बघायचे, जसा सोनार नथ बघतो. एकदा ती त्यांच्या सुनेकडे विरजण मागायला गेली होती. निघताना मास्तर म्हणाले, "वहिनी, तुमची डावी चप्पल बाहेरच्या अंगानं झिजलीय. पाण्याची बादली उजव्या हातानं आणता ना?" ती म्हणाली, हो. "खांदा वर करून?" ती म्हणाली, असेल. "मग पाठ दुखत असणार, डाव्या बाजूला, कमरेच्या जरा वर." ती घरी आली आणि मला म्हणाली, "अहो, त्यांनी चपलेवरून माझी पाठ ओळखली." मी म्हटलं, "उद्या वहाणेवरून पत्रिका सांगतील, मग दुकान त्यांचं चालेल, माझं बंद." ती दुसऱ्या दिवसापासून जायला लागली. तिची पाठ दुखायची थांबली. मी काही कबूल केलं नाही.

आता मुख्य गोष्ट. ते आजाराचं वर्ष आलं, गल्ल्यांच्या तोंडाला बांबूच्या बल्ल्या आडव्या बांधल्या, कोणी कोणाकडे जाईना. मास्तरांचा वर्ग बंद. चार दिवस ते छतावर नुसते फेऱ्या मारत होते. मग त्यांच्या सुनेनं त्यांना सांगितलं, "बाबा, फोनवर घेऊ या. मी सगळ्यांना पाठवते." ती पोरगी हुशार. पितळी डबा तांदळानं भरला, त्यात फोन उभा रोवला, आणि मास्तरांना म्हणाली, इकडे बघून बोला.

मास्तर फोनकडे बघून बोलेनात. म्हणाले, "यात कोणी दिसत नाही. मी कोणाला शिकवू?"

तर त्यांनी काय केलं, मी माझ्या छतावरून डोळ्यांनी पाहिलं. वर्गाला येणाऱ्या प्रत्येकाची सतरंजी त्यांच्याकडेच असायची, गुंडाळून कोपऱ्यात उभी. त्यांनी एकेक काढली आणि ज्याची जिथे असायची तिथे अंथरली. भटजींची कठड्याशी. जोशीणबाईंची जिन्याच्या तोंडाशी, कारण त्या उशिरा येतात. माझ्या बायकोची पाण्याच्या टाकीजवळ. वारा होता, तर प्रत्येकीवर दोन दोन विटा ठेवल्या. मग समोर बसले, आणि रिकाम्या छताला शिकवायला लागले.

आणि नुसतं बोलत नव्हते. मधेच उठायचे, सतरंज्यांमधून चालायचे, एखाद्या सतरंजीपाशी थांबायचे, वाकायचे, आणि हवेत हात धरून कोणाचा तरी खांदा खाली दाबायचे. "हां. आता बरोबर." मग पुढच्या सतरंजीकडे.

मी हे बघितलं आणि मला राहवलं नाही. ओरडलो, "मास्तर, कोणाला शिकवताय? भुतांना?"

त्यांनी मान वळवली नाही. म्हणाले, "दुकानदार, आवाज करू नका. वर्ग चालू आहे." आणि मग टाकीजवळच्या सतरंजीकडे बघून म्हणाले, "वहिनी, हसू नका. हसलं की श्वास फुटतो."

आता हे ऐका. बायको तेव्हा खाली स्वयंपाकघरात होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुनेनं ती फिल्म पाठवली. बायकोनं फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि करायला लागली. मी चहा पीत बसलो होतो. फोनमधून माझाच आवाज आला, कोणाला शिकवताय, भुतांना? ती फिस्सकन हसली. आणि लगेच मास्तरांचा आवाज, वहिनी, हसू नका.

मग ती फोनला म्हणाली, "चुकलं," आणि खांदे खाली घेतले.

पुढे जेव्हा बल्ल्या निघाल्या तेव्हा मी मास्तरांना गाठलं. म्हटलं, "ती हसणार हे तुम्हाला आदल्या दिवशी कसं कळलं?" ते म्हणाले, "तुमचा आवाज ऐकून त्या नेहमीच हसतात. तुम्हाला माहीत नाही?" मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं संसार केला, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आणि भटजींचा गुडघा, जोशीणबाईंची मान, सगळ्यांना बरोबर त्याच वेळी कसं सांगता? सगळे म्हणतात, मास्तर फोनमधून बघतात." मास्तर म्हणाले, "बघायचं काय त्यात? माणूस रोज तीच चूक करतो. नवीन चूक करायला फार हुशारी लागते." आणि जिना चढून गेले.

त्या फिल्मांवरून गल्लीत एक मोठा तमाशा झाला. फोनच्या पुढच्या डोळ्यानं घेतलं की आरशातल्यासारखं उलटं दिसतं, हे आम्हाला काय माहीत. झालं असं की फिल्ममध्ये मास्तरांचं जानवं उजव्या खांद्यावर दिसायला लागलं. उजव्या खांद्यावर म्हणजे अपसव्य. ते आपण फक्त पितरांच्या कामाला घेतो. आजाराचे दिवस, घाटावर चिता थांबत नव्हत्या, आणि हा माणूस सकाळी सकाळी अपसव्य करून घराघरात उभा. शेजारचे भटजी, जे स्वतः त्यांचे शिष्य, ते माझ्या छतावर आले आणि तिथून ओरडून म्हणाले, "मास्तर, जिवंत माणसांना अपसव्य करून काय शिकवताय? माझी आई फोन बघून रडायला लागली."

मास्तर म्हणाले, "मी सव्यच आहे. या, बघून जा."

"मग फोनमध्ये उलटं का?"

सुनेनं समजावून सांगितलं. भटजी म्हणाले, "मग दुसऱ्या बाजूच्या डोळ्यानं घ्या, म्हणजे सरळ येईल." सून म्हणाली, हो, घेता येईल. मास्तर म्हणाले, "नाही. उलटं आहे तेच ठीक. समोर माणूस उभा राहिला की त्याचा उजवा आपल्या डावीकडे येतो, आणि निम्मा वर्ग उलटा वाकतो. आता आरशासारखं आहे, मी उजवा म्हणतो तेव्हा बघणाऱ्याच्या उजवीकडेच हात वर जातो. कोणी चुकणार नाही. जानव्यासाठी मी पंधरा माणसांच्या पाठी वाकड्या करू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी काय करावं? जानवं खरंच उजव्या खांद्यावर घेऊन बसले, म्हणजे फोनमध्ये ते डाव्यावर दिसावं. भटजींना कळलं तेव्हा तर त्यांनी कपाळावर हात मारला. "बघणाऱ्याला सव्य दिसावं म्हणून तुम्ही खरोखर अपसव्य बसलात? बापरे, हे तर त्याहून वाईट." गल्लीत छताछतांवर दुसरा विषय नव्हता. मला वाटलं आता मास्तर हरले.

तिसऱ्या दिवशी फिल्म आली. जानवं गळ्यात, माळेसारखं, दोन्ही बाजूंनी सारखं. वर्ग सुरू करण्याआधी मास्तर एवढंच म्हणाले, "देवांना सव्य. पितरांना अपसव्य. ऋषींना असं, माळेसारखं. आसनं ऋषींची आहेत. आरसा काय करायचं ते करू दे. श्वास घ्या."

भटजी माझ्या दुकानाच्या चबुतऱ्यावर बसून ते बघत होते. मग म्हणाले, "काका, ऋषितर्पणाला मी रोज जानवं असंच घेतो. मला का नाही सुचलं?" मी म्हटलं, "तुम्हाला चुका काढायच्या होत्या. त्यांना शिकवायचं होतं." पुढच्या सगळ्या फिल्मांत ते असेच आहेत. गल्लीतल्या बायकांनी नाव ठेवलं, माळवाले मास्तर.

माकडाची एक फिल्म आहे, ती तर सगळ्या मोहल्ल्यात फिरली. माकड कठड्यावरून आलं आणि मास्तरांच्या नाकावरचा चष्मा घेऊन गेलं. दुसरा कोणी असता तर काठी घेऊन धावला असता. मास्तर त्याच आवाजात, "श्वास आत घ्या. चष्मा गेला. सोडा. सूनबाई, पेरू टाक त्याला. आत घ्या. टाकीवर गेलंय. सोडा. हळू सोडा, त्याला घाई नाही, तुम्हाला का असावी." शेवटपर्यंत तसंच. वर्ग संपला तेव्हा सुनेनं चष्मा आणून दिला, एक काच फुटलेली. त्यांनी ती काच बघितली, डोळ्यावर चढवला, आणि म्हणाले, "आता निम्मेच विद्यार्थी दिसतील." सतरंज्या रिकाम्याच होत्या की.

त्यांचं एक वाक्य मात्र प्रत्येक फिल्ममध्ये आहे. कोणी कण्हलं, म्हणजे कण्हणार असं त्यांना वाटलं, की ते विचारायचे, "दुखतंय, की नको वाटतंय? दुखत असेल तर थांबा. नको वाटत असेल तर चालू ठेवा." आणि उत्तरासाठी थांबायचे. खरंच थांबायचे. तेवढा वेळ फिल्ममध्ये नुसतं गंगेवरच्या होडीचं इंजिन ऐकू येतं.

मास्तर गेले ते साध्या तापानं. मी इस्पितळात बघायला गेलो होतो. खाटेवर आडवे, नाकात नळी. मला वाटलं आता काही शहाणपणाचं बोलतील. वॉर्डातला पोऱ्या शेजारच्या पेशंटला उचलत होता. मास्तर नळीतून त्याला म्हणाले, "घुटने मोड़, बेटा. कमर से मत उठा. चालीस की उमर में रोएगा." ते मी ऐकलेलं त्यांचं शेवटचं बोलणं. माझ्याकडे त्यांनी बघितलं, माझ्या चपलांकडे बघितलं, आणि मान हलवली. काय दिसलं ते सांगितलं नाही.

ते गेल्यावर सुनेनं घरोघर जाऊन सतरंज्या परत दिल्या. बायको तिची घेऊन आली आणि पुढची वर्षं रोज सकाळी त्याच फिल्मांवर करत राहिली. मेलेला माणूस तिला रागवायचा आणि ती त्याला "हो, हो" म्हणायची. मी म्हणायचो, "मी रागावलो तर एवढं ऐकत नाहीस." ती म्हणायची, "तुम्ही रागावता तेव्हा बघत नसता."

मग ती गेली. एका दिवसात, छातीत दुखून. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

पावसाळ्यानंतर मी तिचा फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि सतरंजी घातली. खाली बसायलाच मला खाटेचा पाय धरावा लागला. पहिली फिल्म लागली ती नेमकी तीच. मास्तर बोलतायत, मी गुडघा वाकवतोय, आणि मधेच माझा आवाज, भुतांना? आणि मास्तर, वहिनी, हसू नका. आणि मग ते थांबले. ती हसून संपेपर्यंत थांबले. ती पूर्वी जितका वेळ हसायची तेवढा.

मी फोन उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा तिथेच उलटा ठेवला. असं आठवडाभर. मास्तरांच्या सुनेकडे गेलो. म्हटलं, "पोरी, तेवढा तुकडा कापून दे." ती म्हणाली, "कापते काका. पण मग तुमचा आवाजही जाईल त्यातून, आणि बाबांचं उत्तरही. सगळंच एकात एक आहे." मी म्हटलं, "बघतो." आणि परत आलो.

दुसऱ्या फिल्मा होत्या की, म्हणाल. होत्या. पण गुडघ्याचं सगळं त्याच फिल्ममध्ये होतं. भटजींना तिथे मास्तर झाडत होते. "भटजी, डावा गुडघा उचलताय. जमिनीला घाबरता का? जमीन कुठे जात नाही. आधी टाच बघा कुठे आहे. टाच जवळ घ्या, मग मांडी जड होऊ द्या, मग गुडघा आपोआप येईल. ढकलू नका. बोलवा त्याला." हे सगळं त्या थांबण्याच्या पुढे होतं. मला ते हवं असेल तर त्या थांबण्यातून जावंच लागणार होतं.

एके दिवशी मी फोन उलटा ठेवायला हात पुढे केला आणि माझा मलाच प्रश्न पडला, हे दुखतंय, की नको वाटतंय? दुखत तर होतंच. फार दुखत होतं. मास्तरांच्या हिशेबानं थांबायला हवं होतं. पण नको वाटत नव्हतं. उलट मला वाटत होतं त्यांनी अजून थोडा वेळ थांबावं. मग मी हात मागे घेतला आणि सतरंजीवर तसाच बसून राहिलो, होडीचं इंजिन ऐकत, ते पुढे बोलेपर्यंत.

त्यानंतर मी रोज केलं. भटजींना पडलेली बोलणी मी खायचो, आणि बायकोला पडलेली पण खायचो. खांदे खाली म्हटलं की मी खाली घ्यायचो. माझेही वर असतात हे मला तेव्हा कळलं. टाच जवळ यायला दिवाळी गेली. मांडी जड व्हायला अजून बरेच दिवस. गुडघा आणि जमीन यांच्यात आधी एक उशी, मग घडी घातलेला टॉवेल, मग हाताचा पंजा. थंडीत दोनदा मागे गेला, तेव्हा मी मास्तरांना शिव्या दिल्या, मोठ्यानं, आणि ते श्वास सोडा म्हणाले. एक दिवस पंजा काढायला गेलो तर त्यावर वजन होतं. मी पंजा ओढून काढला. गुडघा खाली टेकला. फरशी गार होती.

मी हे कोणाला सांगायला गेलो नाही. फक्त भटजींना म्हटलं, "खुर्ची आणू नका." ते म्हणाले, "काका, आणतो, बाजूला ठेवतो." मी म्हटलं, "आणलीत तर गंगेत टाकीन." त्यांनी आणली नाही.

वर्षश्राद्धाच्या सकाळी पायऱ्या उतरायला मुलीनं हात धरला होता. ती इंदूरहून आली होती आणि तिचा विश्वास नव्हता. पाण्याजवळच्या पायरीवर भटजींनी जागा सारवून पाट मांडला होता. मी टाच जवळ घेतली. मांडी सोडली. गुडघा आला. मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली. भटजींनी माझ्या गुडघ्याकडे एकदा बघितलं, आणि मग मंत्रांना लागले. मी बघत होतो, ते स्वतःही डावा गुडघा आज अगदी टेकवून बसले होते.

सगळं नीट चाललं. पिंड माझ्या हातात आला. भटजी म्हणाले, "काका, आता गोत्र म्हणा आणि काकूंचं नाव म्हणा. तीनदा. नाव स्पष्ट."

गोत्र आलं. नाव येईना.

आता तुम्हाला सांगतो. आमच्यात बायकोला नावानं हाक मारत नाहीत, निदान माझ्या वयाचे मारत नाहीत. मी आयुष्यभर अगं म्हटलं, ऐकतेस का म्हटलं, मुलीच्या नावानं हाक मारली. तिचं नाव मीच ठेवलेलं, लग्नात, ताटातल्या तांदळांत बोटानं लिहून. घास भरवताना एकदा घेतलं, तेही चार जणांनी ढोसल्यावर. त्यानंतर ते नाव सगळ्या गल्लीनं वापरलं, मी नाही वापरलं. दहाव्याला मी गप्प राहिलो तेव्हा भटजींनीच माझ्या वतीनं म्हणून टाकलं होतं, मी मान हलवली होती.

मला वर्षभर वाटत होतं, गुडघा दगा देईल. गुडघा पायरीसारखा घट्ट होता. अडकलं ते वर, गळ्यात.

भटजी परत बोलले नाहीत. माझ्यासाठी म्हणूनही टाकलं नाही. पळी हातात धरून, खाली बघत, नुसते थांबले. त्या छतावर इतकी वर्षं शिकलेला माणूस, त्याला थांबता येत होतं. एक नाववाला यात्रेकरूंना ओरडून बोलावत होता. घाटावरच्या मशिदीवरून पारव्यांचा थवा उठला. मला कळलं की मी श्वास आत ओढून धरून ठेवलाय, केव्हापासून कोणास ठाऊक. धरलेल्या श्वासावर शब्द चढत नाही. मी तो सोडला.

तो बाहेर जाता जाता तिचं नाव आलं. फार मोठ्यानं आलं, छतावरून हाक मारल्यासारखं, दोन पायऱ्या खाली कपडे धुणारी बाई वळून बघायला लागली. दुसऱ्यांदा आवाज जरा खाली आला, आणि पिंड मी जिथे ठेवायचा तिथेच ठेवला. तिसऱ्यांदा नुसतं म्हटलं, घरात शेजारी बसलेल्या माणसाला हाक मारावी तेवढ्याच आवाजात.